अलकाकाकू आणि मारुतीच्या काळ्या पट्ट्या

सयाजीरावांनी बुटाच्या टोकानं पुढचा बंपर दाखवला आणि विचारलं, "अलकाबाई, याला कुठला रंग म्हणायचा? काळा की राखाडी?"

"काळाच आहे. ऊन खाल्लंय त्यानं," अलकाकाकू डाव्या सीटवरून म्हणाल्या.

"ऊन मीपण खाल्लंय. मी डाय लावतो."

मी स्टिअरिंगवर होते. मला हसू आलं, डावा पाय सुटला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या खिडकीतून सयाजीरावांकडे बघत होत्या, कारण आत्ता जे बोलणं चाललं होतं ते बंपरपुरतं नव्हतं, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

सयाजीराव आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. त्यांचं घराणं म्हैसुरात कधी आलं हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. मराठी बोलता बोलता ते कन्नडमध्ये शिरतात आणि बऱ्याचदा तिकडेच राहतात. त्या दिवशी मात्र सगळं मराठीत बोलले, म्हणजे घरून ठरवून आले असावेत. दसऱ्याला स्कूलमध्ये नवी गाडी येणार होती. तीन जुन्यांपैकी एक काढायची होती. आयुधपूजेला सगळ्या गाड्या ऑफिससमोर रांगेत उभ्या राहतात, सरस्वतीपुरमची निम्मी माणसं तिथून जातात, बघतात. "त्या रांगेत ही अशी पांढुरकी, तोंड उतरलेली गाडी मला नको. लोक शिकायला येतात, ही बघतात आणि पलीकडच्या स्कूलमध्ये जातात."

"आणि मी?"

"तुम्ही ऑफिसात बसा. पंख्याखाली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, फोन घ्यायचे, वेळा लावून द्यायच्या. किती दिवस उन्हात फिरणार? मी तुमच्या चांगल्यासाठीच सांगतोय."

खरंच ते चांगल्यासाठीच सांगत होते. त्यामुळे काकूंना भांडताही येईना.

"आयतु," त्या म्हणाल्या. म्हणजे ठीक आहे. मग माझ्याकडे वळल्या. "चैत्राली, गाडी सुरू कर. रस्त्यात काय बसलीस?"

मी काकूंच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहते. इचलकरंजीहून आले. बेळगोळला प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. सकाळी कारखान्याची बस पकडण्याआधी काकू मला गाडी शिकवतात. त्यामुळे खाली काय चाललंय हे मला माहीत असतं.

खाली शरदचंद्रकाका असतात. ते हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे. काचबिंदूनं एक डोळा गेला आणि दुसऱ्यात आता नळीतून बघावं तेवढंच दिसतं. काकूंचे धडे सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चारनंतर. मधले तास त्या घरी असतात. त्या वेळात काकांच्या डोळ्यांत थेंब, जेवण, दोन शब्द, आणि दोघांची भांडणं. काका एकटे असले की चहा करायला गॅसपाशी जातात. एकदा त्यांनी रिकामं पातेलं तापत ठेवून बर्नरशेजारी वर्तमानपत्र ठेवलं होतं. त्यानंतर काकूंनी लायटर लपवला, तर काका शेजारून काडेपेटी मागून घेऊन आले. ऑफिसात बसायचं म्हणजे हे मधले तास जायचे. पंखा असो नाहीतर काहीही असो.

गंमत म्हणजे काकू गाडी शिकल्या त्या काकांसाठीच. डोळे अधू होऊ लागले तेव्हा काकांची स्कूटर विकली आणि काकूंनी ठरवलं, आपण गाडी शिकायची, एक जुनी गाडी घ्यायची आणि ह्यांना दवाखान्यात न्यायचं. सयाजीरावांच्या वडिलांकडे त्या शिकल्या. गाडी काही घेणं झालं नाही. पण त्या वडिलांनी विचारलं की बायका बाईकडे शिकायला तयार असतात, तुम्ही शिकवाल का, आणि काकू उजव्या सीटवरून उठून डाव्या सीटवर गेल्या, त्या तिथेच राहिल्या. तिथे त्यांच्या पायाशी एक ब्रेक आणि एक क्लच आहे, एवढीच त्यांच्या मालकीची गाडी.

लग्न होऊन कॅनडाला निघालेली मुलगी त्यांच्याकडे घाईघाईत शिकली. साठीतल्या एक बाई रोज "देवळात जाते" असं घरी सांगून शिकायच्या. लायसन्स आलं तेव्हा त्यांच्या मुलांना कळलं. काकू ह्या गोष्टी अभिमानानं सांगत नाहीत. थकून सांगतात, वाटेत किती खड्डे लागले ते सांगावं तशा.

रात्री गाडी आमच्याच दारात असते. त्या रविवारी सकाळी मी खाली आले तर काकू पाटावर बसून मागचा बंपर पॉलिश पेपरनं घासत होत्या. शेजारी बादली, साबण, रंगाचे दोन स्प्रे, कागदी टेप आणि जुनी कन्नड वर्तमानपत्रं.

"काकू, हे काय?"

"डाय लावतेय."

मला फार आनंद झाला, हे कबूल करायला हवं. हा माझा विषय होता! मी पायरीवर बसले आणि सुरू केलं. हे काळं प्लास्टिक कोणतं असतं, उन्हानं त्याचा वरचा थर कसा पिठासारखा होतो, त्यावर रंग का धरत नाही, आधी घासायचं, मग धुवायचं, पूर्ण वाळवायचं, मग प्लास्टिकवर चालणारा प्रायमर मारायचा, मग रंगाचे पातळ हात, एका वेळी जाड थर अजिबात नाही.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

"मग तो पेपर घे आणि दाराची पट्टी घास. तोंड चाललं तरी हात चालू दे."

दुपारपर्यंत आम्ही दोघींनी चारी दारांच्या पट्ट्या, दोन्ही बंपर, आरशांची टोपणं आणि काचेखालची जाळी घासून काढली. पांढरं पीठ बोटांच्या घड्यांत बसलं. काका ओट्यावर बसून आवाजावरून देखरेख करत होते.

"डावीकडे कमी घासलंत."

"अहो, तुम्हाला काय दिसतंय?"

"ऐकू येतंय ना. उजवीकडे खरखर, डावीकडे नुसती सरसर."

काकू उठल्या तेव्हा त्यांना कमरेवर हात ठेवून थोडा वेळ तसंच वाकून उभं राहावं लागलं. "पन्नाशीत माणसानं गाडीसमोर पाटावर बसू नये," त्या म्हणाल्या. मी प्रायमर आणून दिला. सोमवारी मला कारखाना होता, पण काकू म्हणाल्या, सोमवारपासून स्कूलला दसऱ्याची सुट्टी आहे, दुपारी मी मारते, तू सांगितलंस तसं. सोमवारी संध्याकाळी आले तर गाडीला वर्तमानपत्रं चिकटवलेली होती आणि मधूनमधून काळंभोर दिसत होतं. इतकं काळं की मी हात लावायला गेले. काकूंनी हातावर चापट मारली.

"वाळू दे. उद्या कागद काढू."

त्या रात्री त्या बऱ्या दिसत होत्या. काकांना त्यांनी दोनदा सांगितलं की रंग छान बसलाय. काका म्हणाले, "मला तर सगळंच काळं दिसतं. माझ्या हिशोबानं तो आधीपासून छान होता."

मंगळवारी कारखान्यात यंत्रांची पूजा उरकून आम्हाला दुपारीच सोडलं. हातात प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पुडी घेऊन मी दारात आले, तर काकू गाडीशेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात टेपची लांब पट्टी लोंबत होती. टेपला काळी साल चिकटून आली होती. दुधावरची साय यावी तशी, अख्खी. खाली दाराची पट्टी पुन्हा राखाडी.

"ओढताना जोर झाला असेल," मी म्हणाले.

"जोर कुठला? बोटानं धरलं आणि आलं."

मी वाकून बघितलं. जिथे टेप नव्हता तिथेही रंग धड नव्हता. बारीक गोल खळगे पडले होते, पाण्याचे थेंब तव्यावर पळावेत तसा रंग जागोजागी बाजूला सरकला होता. असे खळगे मला ओळखीचे होते. कारखान्यात ते दिसले की आम्ही एकच प्रश्न विचारतो.

"काकू, याला तेलकट काही लागलं होतं का?"

"छे. मी परत धुतलं ना. तू म्हणालीस स्वच्छ हवं, म्हणून सोमवारी सकाळी परत शिकेकाईनं धुतलं."

"शिकेकाईनं? गाडी?"

"मग तेल कशानं निघणार?"

मी चुरमुऱ्यांची पुडी ओट्यावर ठेवली. "कुठलं तेल?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दिवाळीला उटणं कशाला म्हणून विचारतेय. "आयुधपूजा आहे ना गं उद्या. गाडीला तेल नको? आमच्या सासूबाई करायच्या. सणाला पोरांना जसं तेल लावून न्हाऊ घालतात तसं गाडीला. आधी ह्यांच्या स्कूटरला करायच्या, मग ही दारात आली तेव्हा हिला. पुढे तीन बोटं, मागे तीन बोटं, आणि वाटीत उरलेलं फेकायचं कशाला, म्हणून काळ्या पट्ट्यांवर चोळायचं. मस्त चमकतात."

"दर वर्षी?"

"दर वर्षी. आता रंगावर तेल चोळलं तर रंग खराब होणार, म्हणून या वर्षी मी आधी तेल लावलं, मग न्हाऊ घातलं, मग वाळवलं, मग रंग. एवढी अक्कल आहे मला."

रविवारी आम्ही दोघींनी घासून घासून त्या प्लास्टिकची सगळी छिद्रं उघडी केली होती, आणि सोमवारी सकाळी त्यांनी त्यांत मायेनं खोबरेल जिरवलं होतं. त्याखाली आधीच्या सगळ्या वर्षांचं होतंच. शिकेकाईनं केसांतलं तेल निघतं, हे निघत नाही. हे सांगायला मला दोन वाक्यं पुरली. ऐकून त्या पाटावर बसल्या.

मला वाटलं आता त्या चिडतील, रडतील. त्यांनी जांभई दिली. मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी.

"मत्ते?" म्हणजे मग पुढे काय.

"थिनरनं सगळं काढायचं, परत घासायचं, परत सगळं. उद्या सकाळपर्यंत होणार नाही."

"अय्यो." त्यांनी टेपची गोळी केली. "थिनर आण."

आम्ही उजवी बाजू साफ केली. चिंध्या काळ्या झाल्या, हात काळे झाले, नाकात तो वास बसला. पुढचा बंपर झाला, उजवी दोन दारं झाली. डाव्या बाजूला वळलो तेव्हा काकूंचा हात खांद्याच्या वर जाईना. त्या चिंधी हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या.

"पुरे."

"काकू, मी करते."

"तू पण पुरे. डावी बाजू भिंतीकडे करून उभी करेन. रांगेत एक बाजू तर भिंतीला असतेच."

ओट्यावरून काका म्हणाले, "अलका, त्याला सरळ सांग ना की मला ऑफिसात बसायचं नाही. बंपर कशाला मधे घालतेस?"

"काय सांगू? नवरा गॅस पेटवतो म्हणून सांगू?"

"सांग. खरंच पेटवतो."

"बेडा, नको म्हणतेय ना, तुम्ही बोलू नका," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला आत गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिससमोर केळीचे खांब बांधले होते. शेवंतीच्या माळा, कापलेले कोहळे, आत कुंकू भरून लाल केलेले. नवी गाडी मधोमध होती, सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. तिच्या एका बाजूला दोन जुन्या, आणि टोकाला, भिंतीला खेटून, आमची मारुती. रस्त्यावरून बघितलं तर ती राखाडी दिसत होती, पण एकसारखी राखाडी, धुतलेली, माळ घातलेली. काकूंनी नेसलेली साडी गडद हिरवी होती आणि नखांत काळं राहिलं होतं.

पूजा झाली. आरती फिरली. मग सयाजीराव लिंबांची थाळी घेऊन निघाले, कारण प्रत्येक चाकाखाली लिंबू मालकानंच ठेवायचं असतं. उजवीकडची दोन लिंबं ठेवून झाली आणि ते भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत आडवे शिरले. पोट आत ओढून. काकू जागेवरच उभ्या होत्या.

मग सयाजीरावांचा आवाज आला.

"अलकाबाई, हिला काय देवी आल्यात काय?"

आजूबाजूचे हसले. कुशल, जो दुसऱ्या गाडीवर शिकवतो, तो तर फोटो काढायला मोबाइल घेऊन पुढे झाला. काकू हसल्या नाहीत, लाजल्याही नाहीत. सयाजीराव फटीतून बाहेर पडून शर्टावरचा चुना झटकत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"मी रंगवली. रंग धरला नाही."

"तुम्ही कशाला रंगवली? गॅरेजला सांगितलं असतं."

"तुम्ही म्हणालात, ही गेली की मी ऑफिसात."

"मग? त्यात काय वाईट आहे?"

"ऑफिस दिवसभराचं आहे. ह्यांना दुपारी एकटं ठेवता येत नाही. दिसत नाही त्यांना. तुम्हाला माहीत आहे, पण किती दिसत नाही ते माहीत नाही. मला सकाळ आणि संध्याकाळच हवी." त्यांनी नवीन गाडीकडे हात केला. "ही द्या मला. हिच्यावर शिकवते."

सयाजीरावांनी थाळी कुशलच्या हातात दिली. ते खरोखरच चकित झालेले दिसत होते. "तुम्हीच तर म्हणाला होतात! वडील होते तेव्हा. ती डिझेलची गाडी आणली होती, तुम्हाला देत होते, तर तुम्ही म्हणालात, माझी मारुती सोडून मी दुसऱ्या गाडीत पाय ठेवणार नाही. भर ऑफिसात. मी तिथेच उभा होतो. तेव्हापासून आम्ही तुम्हाला दुसरी गाडी विचारतच नाही."

"तेव्हा मी रागात होते."

"कशाच्या?"

काकूंनी आठवायचा प्रयत्न केला, हे चेहऱ्यावर दिसलं. "आठवत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे या एका वाक्यावर तुम्ही ही इतकी वर्षं..." पुढचं ते कन्नडमध्ये बोलले आणि मला सगळं समजलं नाही. शेवटी म्हणाले, "मागायचं होतं की."

"आता मागतेय."

"सकाळी तुमची, संध्याकाळी तुमची. दुपारी कुशल घेईल. पण डावीकडचे ब्रेक-क्लच बसवून यायचेत अजून, दसऱ्यानंतर. तोवर हीच चालवा, देवी आलेली." मग एकदम आवाज चढवून, "आणि हिला परत रंगवायला जाऊ नका!"

काकूंनी मान हलवली. कोहळा फुटला, गाड्या लिंबांवरून पुढे सरकल्या, चुरमुरे वाटले. काकू दोन पुड्या घेऊन लगेच घरी निघाल्या. जाताना त्यांनी मारुतीकडे वळूनही बघितलं नाही. मला ते जरा लागलं; मला वाटलं होतं त्या निदान बॉनेटवर हात ठेवतील. पण त्यांना घरी जायचं होतं. काका एकटे होते आणि दुपार झाली होती.

सुट्ट्या संपल्यावर माझा धडा होता. कुक्करहळ्ळी तळ्याजवळच्या रेल्वे फाटकापाशी आम्ही थांबलो. फाटक पडलेलं, पुढे शाळेची बस, मागे स्कूटरांची गर्दी. मी गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक ओढला आणि नव्या गाडीबद्दल काहीतरी विचारलं. बघितलं तर काकू झोपल्या होत्या. मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं, पण दोन्ही पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेक आणि क्लचवर व्यवस्थित ठेवलेले. इतक्या महिन्यांत मी त्यांना गाडीत डोळे मिटलेलं बघितलं नव्हतं.

चामराजनगरची गाडी गेली. फाटक वर झालं, बस हलली. मागून हॉर्न वाजायला लागले, एक, मग सगळेच. मला कळेना की त्यांना उठवू की नको.

"फर्स्ट टाक," डोळे न उघडता काकू म्हणाल्या. "सावकाश. मागच्यांना ओरडू दे."